कोरडी छाती

भूलशास्त्र शिकत असताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली होती. कोरडी छाती म्हणजे सुरक्षित छाती. श्वासनलिकेत ट्यूब घातली, सक्शनचा कॅथेटर आत सोडला आणि बाटलीत काही आलं नाही की जीव भांड्यात पडायचा. फेस आला, चिकट बेडके आले की सर्जनसकट सगळ्यांचे चेहरे पडायचे. ही समजूत मी कुठल्या एका पुस्तकातून उचलली नव्हती, ती थिएटरच्या हवेतच होती. आज मी ती मानत नाही. पण ती सुटल्यावर तिच्या जागी मी दुसरी एक समजूत धरून बसले, आणि ती पहिलीइतकीच सरधोपट होती. तीही आता राहिलेली नाही. भुलेच्या वाफेबद्दल माझं मत असं दोनदा पालटलं.

कोरडेपणाचं हे वेड आलं कुठून, ते आधी सांगायला हवं, कारण त्याचा उगम अगदी शहाणपणाचा होता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने भर सभागृहात ईथरची भूल देऊन दाखवली आणि शस्त्रक्रियेचं जगच बदललं. पण ईथर मोठं तिखट. त्याची वाफ घशाला आणि श्वासनलिकेला झोंबते. लाळ सुटते, श्वासनलिकेतल्या ग्रंथी पाझरायला लागतात, रुग्ण खोकतो, स्वरयंत्र आवळलं जातं. त्या काळी श्वासनलिकेत ट्यूबही नसायची. तोंडावर तारेचा मास्क, त्यावर गॉजच्या घड्या, आणि वरून थेंब थेंब ईथर. बेशुद्ध माणूस आपल्याच लाळेत गुदमरेल ही भीती खरी होती. म्हणून भुलेआधी ॲट्रोपिनचं इंजेक्शन द्यायची रीत पडली. ॲट्रोपिनने ग्रंथींचं पाझरणं थांबतं, तोंडाला कोरड पडते, छाती सुकते. ईथरवर तो चोख उतारा होता.

मी शिकायला आले तेव्हा ईथर जवळजवळ गेलंच होतं. आमच्या मॅडमनी त्यांच्या उमेदवारीत ते भरपूर दिलेलं. त्या गोष्टी सांगायच्या आणि आम्हाला तो वास नुसत्या ऐकण्यानेच यायचा. आमच्या हाती आलं ते हॅलोथेन. १९५१ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स सकलिंग या रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं आणि १९५६ मध्ये मँचेस्टरला मायकेल जॉनस्टनने ते रुग्णांना दिलं. वास गोडसर, झोंबत नाही, पेट घेत नाही. लहान मूल रडतारडता दोन-चार श्वासांत शांत होतं. श्वासनलिका सैल पडतात, दमेकऱ्याची शिट्टी थांबते. आणि मुख्य म्हणजे छाती कोरडी राहते. यकृताचा आणि हृदयाच्या ठोक्यांचा धोका सोडला तर आमच्या दृष्टीने ते वरदान होतं.

गंमत अशी की ईथर गेलं, पण त्याचा उतारा राहिला. झोंबणारी वाफच उरली नव्हती, तरी प्रत्येक रुग्णाला ॲट्रोपिन, पुढे ग्लायकोपायरोलेट, ठरलेलंच. वॉर्डातली सिस्टर न विचारता ते टोचून पाठवायची. रुग्ण टेबलावर यायचा तो ओठ चाटत, पाणी मागत. 'घोटभर पाणी द्या हो बाई,' असं म्हणणाऱ्या आजींना आम्ही 'आता नाही, नंतर,' म्हणून गप्प करायचो. आणि नळीच्या बाटलीत काही आलं नाही की समाधान पावायचो.

पुढे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी काम सुरू केलं, तेव्हा रुग्ण थिएटरबाहेर गेल्यावर संपत नाही हे कळायला लागलं. मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ थिएटरच्या दारापर्यंतचाच. लहान गावात दुसऱ्या दिवशी राउंडला तोच रुग्ण भेटतो, त्याचे नातेवाईक बाजारात भेटतात. चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बायका, बिडी ओढणारे शेतकरी, साखर कारखान्यातले कामगार. पित्ताशयाचं किंवा अल्सरचं पोट उघडून ऑपरेशन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप, धाप, उजवीकडे तळाला श्वासाचा आवाज नाही. थिएटरात ज्यांची छाती स्वच्छ कोरडी होती, त्यांचीच ही गत.

एका मावशींनी मला सरळ विचारलं, 'बाई, कापलं तर पोट. मग छाती कशानं भरली?' मी ठरलेलं उत्तर दिलं. टाके दुखतात म्हणून तुम्ही खोकत नाही, खोकत नाही म्हणून कफ साठतो. उत्तर खोटं नव्हतं. वरच्या पोटाच्या ऑपरेशननंतर वेदनेने श्वास उथळ होतो आणि खोकला दबतो, हे अगदी खरं आहे. पण त्या उत्तरात सगळा भार मावशींवर जात होता. मी काय केलं होतं, याचा त्यात उल्लेखच नव्हता.

म्हणून वाचायला घेतलं. जिल्ह्याच्या ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांचे बांधीव अंक होते. त्यात १९७५ चा एक निबंध सापडला. स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या बायकांच्या श्वासनलिकेत कफ किती वेगाने वर सरकतो ते त्यात मोजलं होतं. भूल चालू असताना तो वेग चांगलाच घसरलेला. पुढच्याच वर्षी फोर्ब्ज यांनी कुत्र्यांवर दाखवलं की हॅलोथेनची मात्रा जितकी वाढवावी तितकं कफाचं वहन मंदावतं. मी विद्यार्थिनी होण्याच्याही आधीचं हे सगळं. कुणी लपवलं नव्हतं. आम्ही बाटलीकडे बघत होतो, एवढंच.

श्वासनलिकेचं अस्तर कोरडं असून चालतच नाही. पेशींवर सूक्ष्म केस असतात, सिलिया. ते एका सेकंदात दहा-पंधरा वेळा फटका मारतात, सगळे मिळून एका लयीत, घशाच्या दिशेने. त्यांच्या मुळाशी पातळ पाण्यासारखा थर आणि त्याच्यावर चिकट श्लेष्म्याची चादर. धूळ, धूर, जंतू त्या चादरीला चिकटतात आणि चादर मिनिटाला काही मिलिमीटर अशा चालीने वर वर सरकत घशात येते. तिथून आपण ती नकळत गिळून टाकतो. दिवसरात्र हे चालू असतं, झोपेतही. यात खालचा पातळ थर आटला तर सिलिया श्लेष्म्यात रुतून बसतात. वरची चादर सुकली तर ती घट्ट होऊन जागच्या जागी थांबते. म्हणजे आम्ही ॲट्रोपिन देऊन पाणी आटवत होतो आणि वाफेने केसांची लय मंद करत होतो. बाटली रिकामी राहत होती ती छाती स्वच्छ होती म्हणून नव्हे. खालचा कफ वरपर्यंत पोचतच नव्हता.

हे लक्षात आल्यावर पहिलं काम केलं ते सरसकट ग्लायको बंद करण्याचं. सोपं नव्हतं. एका सर्जननी विचारलं, 'मॅडम, पेशंट ओला का ठेवता?' केटामिन हे भुलेचं औषध देताना लाळ सुटते, तिथे ग्लायको लागतंच. भूल उतरवताना निओस्टिग्मिन देतो, त्याच्या जोडीला तर लागतंच लागतं, नाहीतर हृदयाचे ठोके मंदावतील. पण रीत म्हणून द्यायचं, हे मी सोडलं. टेबलावर येणाऱ्या आजी पाणी मागायच्या थांबल्या. वैद्यकात याला पुरावा म्हणत नाहीत, पण मला बरं वाटलं.

इथवर आले तेव्हा मनातला गुन्हेगार ठरला होता. वाफ. आणि तिच्यावरचा आरोप आणखी पक्का झाला तो एका बालरोगतज्ज्ञ मित्रामुळे.

त्याच्या नवजात कक्षात सातव्या महिन्यातच जन्मलेली बाळं यायची. छातीचा पिंजरा प्रत्येक श्वासाला आत ओढला जायचा, जन्मल्या क्षणापासून कण्हणं. तो छोट्या कुपीतलं दुधासारखं पांढरं औषध बाळाच्या श्वासनलिकेत सोडायचा. गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट. किंमत ऐकून बापाचा चेहरा उतरायचा. पण औषध गेल्यावर ऑक्सिजनचा आकडा डोळ्यांदेखत चढायला लागायचा. मी तिथे ट्यूब घालायला जायची आणि बघत थांबायची.

सर्फॅक्टंटची कथा मला तेव्हा नीट कळली. आपली फुप्फुसं कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांची बनलेली असतात आणि प्रत्येकाच्या आत ओलीचा पातळ थर असतो. पाण्याला पृष्ठताण असतो. ते स्वतःला आवळून घेतं आणि कोश मिटायला बघतो. किराणा दुकानातली प्लास्टिकची पिशवी आतून ओली झाली की तिच्या दोन बाजू चिकटून बसतात, कितीही चोळली तरी तोंड उघडत नाही, तसलाच प्रकार. १९२९ साली कुर्ट फॉन नीरगार्ड या डॉक्टरने स्वित्झर्लंडमध्ये दाखवलं की फुप्फुस हवेने फुगवायला जेवढा दाब लागतो, त्याहून बराच कमी दाब ते द्रवाने भरायला लागतो. म्हणजे फुप्फुसाच्या आखडण्यात मोठा वाटा या पृष्ठताणाचा. हे काम पंचवीसेक वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. १९५५ मध्ये इंग्लंडात रिचर्ड पॅटल यांना दिसलं की फुप्फुसातून निघालेल्या फेसाचे बुडबुडे फुटतच नाहीत. १९५७ मध्ये अमेरिकेत जॉन क्लेमंट्स यांनी फुप्फुसाच्या अर्काचा पृष्ठताण मोजला. तो फारच कमी भरला आणि पृष्ठभाग आकसला की आणखी कमी होत गेला. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी अपुऱ्या दिवसांच्या, श्वास न जमून गेलेल्या बाळांच्या फुप्फुसात नेमका हाच पदार्थ नाही हे दाखवलं. पुढे १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी अशा दहा बाळांच्या श्वासनलिकेत गाईपासून काढलेलं सर्फॅक्टंट घालून त्यांचा श्वास सुधारून दाखवला. माझ्या मित्राच्या हातातली कुपी ती तिथून आलेली.

आता हे सर्फॅक्टंट बनलेलं असतं कशाचं? दहातले नऊ भाग स्निग्ध पदार्थ, बाकी काही प्रथिनं. आणि भुलेच्या वाफा कशात विरघळतात? स्निग्ध पदार्थात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मायर आणि ओव्हर्टन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करून दाखवलं होतं की पदार्थ ऑलिव्हच्या तेलात जितका जास्त विरघळतो, तितकी त्याची भूल जोरकस. हॅलोथेन तेलात चांगलंच विरघळतं. मग मेंदूपर्यंत पोचण्याआधी ती वाफ ज्या पहिल्या स्निग्ध थरावरून जाते, त्या वायुकोशातल्या थराला ती सुखासुखी सोडील कशी? पाठोपाठ १९९४ चा एक निबंध हाती पडला. उंदरांच्या फुप्फुसातल्या, सर्फॅक्टंट बनवणाऱ्या टाइप टू पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना हॅलोथेनमध्ये ठेवलं होतं. पेशींची फॉस्फॅटिडिलकोलीन, म्हणजे सर्फॅक्टंटमधला मुख्य स्निग्ध पदार्थ, बनवण्याची गती मात्रेप्रमाणे घटली, आणि त्यांच्यातली ऊर्जाही कमी झाली. मला हवं ते सापडलं होतं.

मग मी प्रचारकच झाले. इन्फ्यूजन पंप परवडायला लागल्यावर शक्य तिथे प्रोपोफॉलवर, शिरेतूनच सगळी भूल द्यायला लागले. तालुक्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत 'वाफ आणि फुप्फुस' या विषयावर बोलले. २००६ चा अभ्यास तर मी पदरात बांधूनच फिरायची. किरणोत्सारी खूण लावलेले कण श्वासनलिकेच्या फांदीत ठेवून कफाची चाल मोजली होती, आणि सेव्होफ्लुरेन मिळालेल्या रुग्णांत ती प्रोपोफॉलवाल्यांपेक्षा मंद होती. सेव्होफ्लुरेन म्हणजे सध्याची सर्वांत सौम्य, गोड वाफ. तीसुद्धा! ऐकणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी अगदी खात्रीने सांगायची की ऑपरेशननंतर फुप्फुस मिटतं ते यामुळे.

माझी ही खात्री वाफेच्या बाजूच्या कुणी मोडली नाही. ती ढिली केली स्वीडनमधल्या सीटी स्कॅनच्या चित्रांनी, आणि तीही १९८५ ची. हेडेनस्टिएर्ना यांच्या गटाने निरोगी फुप्फुसं असलेल्या माणसांना भूल देऊन लगेच छातीचं सीटी काढलं होतं. भूल चढल्यावर काही मिनिटांतच बहुतेकांच्या फुप्फुसाचा पाठीकडचा, खालचा पट्टा मिटलेला. काही मिनिटांत! सर्फॅक्टंटचं उत्पादन घटून हे घडायचं तर तास लागायला हवेत. आणि हे वाफेने भूल दिली तरी घडतं, शिरेतून दिली तरी घडतं. माझ्या प्रोपोफॉलच्या रुग्णांतही घडतच होतं, मी सीटी काढत नव्हते म्हणून दिसत नव्हतं. अपवाद एकच, केटामिनचा. केटामिन देऊन माणूस स्वतःच श्वास घेत असेल तर फुप्फुस मिटत नाही. त्यालाच स्नायू ढिले करणारं औषध दिलं की मिटतं. म्हणजे मुख्य गोष्ट स्नायूंच्या ताणाची. भूल चढली की श्वासपटल ढिलं पडून छातीकडे सरकतं, आडव्या माणसाच्या फुप्फुसातली राखीव हवा सुमारे अर्धा लिटरने कमी होते, आणि पाठीकडचे कोश वजनाखाली दबतात.

दुसरा वार ऑक्सिजनचा, आणि तो मला जास्त लागला. ट्यूब घालण्याआधी आम्ही पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन हुंगवतो. ही आमच्या धंद्यातली सर्वांत पवित्र गोष्ट. पण हवेतला नायट्रोजन हाच वायुकोशांना आतून आधार देत असतो, कारण तो रक्तात फारसा शोषला जात नाही. तो धुऊन काढून कोश नुसत्या ऑक्सिजनने भरला आणि वाट बंद झाली, की सगळा ऑक्सिजन रक्तात शोषला जातो आणि कोश रिकामा होऊन मिटतो. २००३ मध्ये स्वीडनमध्येच एडमार्क यांनी मोजलं. शंभर टक्के ऑक्सिजन हुंगवलेल्यांत छातीच्या सीटीच्या कापात ५.६ टक्के भाग मिटलेला, ऐंशी टक्केवाल्यांत १.३ आणि साठ टक्केवाल्यांत ०.२. पण त्याच अभ्यासात दुसरं माप होतं. श्वास थांबल्यावर ऑक्सिजनची पातळी घसरेपर्यंत पहिल्या गटाला सुमारे सात मिनिटं मिळाली, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला जेमतेम साडेतीन. ट्यूब अवघड निघाली तर ही साडेतीन मिनिटं किती लवकर सरतात, ते रुग्णाच्या डोक्याशी उभं राहिलेल्यालाच माहीत. त्यामुळे भुलेच्या सुरुवातीचा शुद्ध ऑक्सिजन मी आजही सोडलेला नाही. ट्यूब बसल्यावर मात्र लगेच तो कमी करते. पूर्वी तो तसाच शेवटपर्यंत चालू असायचा.

हेडेनस्टिएर्ना यांच्याच गटाने आणखी एक प्रयोग केला होता. मिटलेलं फुप्फुस चाळीस सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने काही सेकंद फुगवून उघडलं. नंतर शुद्ध ऑक्सिजन चालू ठेवला तर ते काही मिनिटांत पुन्हा मिटलं. नायट्रोजन मिसळून चाळीस टक्केच ऑक्सिजन ठेवला तर बराच वेळ उघडं राहिलं. सर्फॅक्टंट खरोखर निकामी झालं असतं, तर वायू कोणता याने एवढा फरक पडायला नको होता. माझ्या भाषणातलं मुख्य विधान इथे संपलं.

सर्फॅक्टंटचा प्रश्न त्याने संपला असं मात्र नाही, तो वेगळ्या ठिकाणी गेला. टाइप टू पेशी सर्फॅक्टंट बाहेर सोडतात ते मुख्यतः ताण बसल्यावर. आपण जागेपणी, झोपेत, तासाला कित्येकदा एक खोल उसासा टाकतो. तो ताण पेशींना मिळाला की नवा थर पसरतो. भुलेत यंत्र एकाच मापाचा श्वास देत राहतं, उसासा नाही. १९६३ मध्ये बेंडिक्सन आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये नेमकं हेच मांडलं होतं. एकसुरी श्वासाने फुप्फुस हळूहळू ताठर होतं, ऑक्सिजन घटतो, आणि मधूनच दिलेल्या खोल श्वासाने भरून निघतं. मिटलेला, मग ओढून उघडलेला, पुन्हा मिटलेला कोश स्वतःचं सर्फॅक्टंट खराब करतो हेही आता मान्य आहे. वाफ त्यात थोडी भर घालत असेल. प्रयोगशाळेतल्या पेशींवर तिचा परिणाम दिसतो, आणि हॅलोथेन काढून घेतल्यावर त्या पेशी सावरतातही. दोन तासांच्या हर्नियाच्या ऑपरेशनात, निरोगी माणसाच्या फुप्फुसात, त्याचं वजन किती? माझ्या हिशेबात फार थोडं. ज्याचं सर्फॅक्टंट आधीच मार खाल्लेलं आहे, त्या आजारी फुप्फुसात कदाचित जास्त.

कफाच्या बाबतीत वाफेवरचा आरोप अजून उभा आहे, पण तिथेही तिच्या बरोबरीने बाकीचे निघाले. एक आमचा फुगा. ट्यूबच्या टोकाशी श्वासनलिका बंद करणारा तो फुगा फुगवला की वर सरकणारी श्लेष्म्याची चादर तिथेच अडते. वाफ असो नसो. दुसरा गुन्हेगार मी कित्येक वर्षं लक्षातच घेतला नव्हता, तो म्हणजे कोरडा वायू. सिलिंडरमधून किंवा पाइपलाइनमधून येणाऱ्या वायूत पाणी जवळजवळ नसतंच. नाकातून हवा घेताना शरीर ती गरम आणि ओली करून खाली पाठवतं. श्वासनलिका जिथे दुभंगते त्याच्या जरा खाली पोचेपर्यंत एका लिटर हवेत सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी असतं. ट्यूब घातली की नाक बाजूला पडलं. पूर्वी मी मिनिटाला पाच-सहा लिटर वायू सोडायची, कारण तेच शिकवलं होतं. म्हणजे तासन्‌तास सिलियांवर उन्हाळ्यातला वारा घातल्यासारखं. त्याचा दोष मी सेव्होफ्लुरेनच्या माथी मारत होते.

आता फ्लो लिटरभर किंवा त्याहून कमी ठेवते. बंद सर्किटमध्ये सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषतं तेव्हा उष्णता आणि पाणी दोन्ही सुटतं, रुग्णाचा स्वतःचा ओलावाही परत फिरतो. वाफही कमी लागते, खर्चही वाचतो. ट्यूबला ओल धरून ठेवणारा फिल्टर. थोडा पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब. अधूनमधून, रक्तदाब बघून, एक मोठा श्वास. वेदनेसाठी जमेल तिथे नस बधिर करणारा ब्लॉक, म्हणजे रुग्णाला दुसऱ्या दिवशी खोकता येईल. यात वाफ आहे की प्रोपोफॉल, हा प्रश्न खूप खालच्या नंबरावर गेला आहे. मला मुद्दाम सांगायला हवं की वाफेकडे परत येताना मला थोडी लाजच वाटली. ज्यांना मी तिच्याविरुद्ध पटवलं होतं, त्यांतले काही अजून माझेच जुने मुद्दे मला ऐकवतात.

वाफेची चांगली बाजू मी मधल्या काळात जवळजवळ विसरले होते. दमेकऱ्याला ट्यूब घातल्यावर श्वासनलिका आवळतात तेव्हा सेव्होफ्लुरेनसारखा मित्र नाही. डेसफ्लुरेन मात्र नाही, ती तिखट आहे. हलक्या भुलेत खोकला आणि स्राव दोन्ही आणते आणि बिडीवाल्याच्या छातीला तर मुळीच मानवत नाही. ईथरचा जुना स्वभाव तिच्यात थोडा उतरला आहे असं मला वाटतं. २००९ मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी एकाच फुप्फुसावर श्वास देऊन छातीच्या शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा प्रोपोफॉलपेक्षा सेव्होफ्लुरेनवाल्यांच्या फुप्फुसात दाह दाखवणारी द्रव्यं कमी सापडली. म्हणजे जिला मी फुप्फुसाची वैरीण म्हणत होते, तीच काही ठिकाणी त्याची बाजू घेत होती.

२०१७ मध्ये फ्रान्समधल्या एका छोट्या अभ्यासाने तर कमालच केली. एआरडीएस झालेल्या, म्हणजे फुप्फुसं पाण्याने भरून ताठर झालेल्या रुग्णांना अतिदक्षता विभागात झोपवून ठेवण्यासाठी सेव्होफ्लुरेन दिलं, आणि ऑक्सिजन सुधारला. कोविडमध्ये झोपेच्या शिरेतल्या औषधांचा तुटवडा झाला तेव्हा काही देशांत व्हेंटिलेटरला वाफ जोडण्याची छोटी साधनं बाहेर निघाली. मी तो सगळा प्रकार फार आशेने वाचत होते. मनात म्हणत होते, बघा, वाफ फुप्फुसाला सावरते.

मग मार्च २०२५ मध्ये त्याच गटाच्या मोठ्या चाचणीचे आकडे आले. फ्रान्समधले ३७ अतिदक्षता विभाग, मध्यम ते तीव्र एआरडीएस असलेले ६८७ रुग्ण, अर्ध्यांना सात दिवसांपर्यंत सेव्होफ्लुरेन, अर्ध्यांना प्रोपोफॉल. नव्वद दिवसांनी सेव्होफ्लुरेनच्या गटात ४७.१ टक्के जिवंत, प्रोपोफॉलच्या गटात ५५.७ टक्के. व्हेंटिलेटरशिवायचे दिवसही कमी. ज्यांनी आशा निर्माण केली होती, त्यांनीच ती तपासून खोडली आणि छापली. हे मला फार आवडलं, निकाल आवडला नाही तरी.

ही बातमी आली त्या आठवड्यात आमच्याकडच्या एका तरुण भूलतज्ज्ञाने मला विचारलं, 'मॅडम, मग सेव्हो बंदच करूया का?' पूर्वीची मी असते तर 'हो' म्हणाले असते आणि पुढच्या बैठकीत त्यावर भाषण ठोकलं असतं. मी त्याला म्हटलं, सात दिवस सुजलेल्या फुप्फुसात भरलेली वाफ आणि दीड तास पित्ताशयासाठी दिलेली वाफ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर आता आपल्याकडे आहे. अतिदक्षता विभागात एआरडीएसच्या रुग्णाला झोपवायला ती वापरायची नाही. दुसऱ्याचं उत्तर त्या आकड्यांत नाही. त्याला ते पटलं नाही. तो प्रोपोफॉलवाला आहे, मी एकेकाळी होते त्याहून कडवा. आमच्या वेळापत्रकात त्याच्या टेबलावर पंप असतो आणि माझ्या टेबलावर व्हेपोरायझर. दोघांचेही फ्लो कमी असतात, सरसकट ग्लायको दोघंही देत नाही. आणि दुसऱ्या दिवशी राउंडला दोघंही रुग्णाला उठवून बसवतो, उशी पोटाशी धरायला लावतो आणि म्हणतो, 'खोका आता, जोरात.'